उंबऱ्याबाहेरची गादी

निरीक्षकांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू न दाबता, न ठोकता आणि न हुंगता विकत घेतली नव्हती. वजनमापं खात्यात ते निरीक्षक होते आणि निरीक्षक म्हणूनच निवृत्त झाले. पण निवृत्ती खात्यातून मिळते, स्वभावातून मिळत नाही. साधी बादली घ्यायची तरी ते दुकानदाराकडून तीत पाणी भरून घेत, कडीला धरून उचलत, खाली ठेवत, पुन्हा उचलत आणि मग तिच्या शेजारची, अगदी तश्शीच दिसणारी दुसरी बादली घेत. छत्री घ्यायची तर दुकानातच उघडून तिच्याखाली उभे राहत. का उभे राहत हे त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण वर दुकानाचं छप्पर होतंच. पण उभं राहिल्याशिवाय छत्रीची खात्री पटत नाही, एवढं खरं.

यामागे एक तत्त्व होतं. दुकानात हवा तितका वेळ घ्या, दुकानदाराचं डोकं खा, त्याला माळ्यावरचा माल काढायला लावा. पण एकदा वस्तू घेऊन पायरी उतरलात की ती तुमची. मग ती गळो, फाटो नाहीतर उसवो. परत करायला जाणं म्हणजे आपल्याला पारख नाही हे चारचौघांत कबूल करणं. निरीक्षकांच्या घरात एक इस्त्री होती, ती पहिल्या दिवसापासून फक्त डाव्या बाजूने तापायची. ती टिकली तोवर निरीक्षकांच्या शर्टाची एकच बाजू कडक असे. पण इस्त्री दुकानात परत गेली नाही.

अशा घरात सून आली ती एका भल्यामोठ्या शहरातून. तिच्या माहेरी आईवडील दोघंही नोकरीवर, घराखाली दुकान नाही, ओळखीचा दुकानदार हा प्रकारच नाही. जे काय लागेल ते खोक्यातून यायचं. तिची रीत बरोब्बर उलटी होती : आधी घ्यायचं, मग बघायचं, मग ठरवायचं. लग्न होऊन महिना झाला नाही तोच तिने चपलांचे तीन जोड मागवले, घरभर घालून फिरली आणि दोन परत पाठवले.

"परत?" निरीक्षक म्हणाले.

"हो बाबा. बसत नव्हते."

"पण त्यांना काय वाटेल?"

"कुणाला?"

निरीक्षकांनी पुष्कळ विचार केला, पण वाईट वाटून घेणारा माणूस त्या सबंध व्यवहारात त्यांना कुठे सापडेना. तेव्हापासून त्यांना तो प्रकार जास्तच भयंकर वाटू लागला.

आणि अशातच निरीक्षकांच्या बायकोची कंबर धरली. आधी सकाळी उठताना धरायची, मग वळताना, मग नुसतं शिंकलं तरी. काकू तशा कुरकुरणाऱ्या नव्हत्या. पण हळूहळू त्या पलंगावरून उठून खाली सतरंजीवर झोपायला लागल्या आणि तिथेही डोळ्याला डोळा लागेना. दिवसा भाजी चिरताचिरता डुलक्या घेऊ लागल्या. एकदा तर निरीक्षकांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. निरीक्षकांनी तो चहा निमूटपणे प्यायला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी कंबर तपासली, गादीची चौकशी केली आणि निकाल दिला : "कापसाची गादी बदला. मध्ये खड्डा पडलाय, कंबर त्यात उतरते. चांगली फोमची घ्या."

इथे खरी अडचण उभी राहिली. कारण इमारतीच्या फाटकालाच लागून गादीवाल्याचं दुकान होतं. निरीक्षकांच्या घरातली प्रत्येक गादी, उशी आणि तक्क्या त्याच्या हातचा. दरवेळी निरीक्षक तराजूशेजारी उभे राहून कापूस तोलून घेत, आणि दरवेळी गादीवाला म्हणे, "साहेब, दुसरं कोणी असतं तर मी हाकलून दिलं असतं." ही वर्षानुवर्षांची मैत्री होती. अशा माणसाच्या दारावरून परकी गादी वर न्यायची म्हणजे त्याच्या छातीवर पाय देऊन जिना चढण्यासारखं.

"त्याच्याकडूनच पुन्हा पिंजून घेऊ," निरीक्षक म्हणाले.

"दोनदा घेतली बाबा," सून म्हणाली. "खड्डा परत तिथेच पडतो."

"मग फोमच्या गाद्यांच्या दुकानात जाऊ."

"ते दुकान याच रस्त्यावर, पलीकडच्या टोकाला आहे. गादी त्याच्या दारावरूनच आणावी लागेल. त्यापेक्षा मी ऑनलाइन मागवते. गुंडाळून येते, कुणाला कळणारही नाही."

'कुणाला कळणारही नाही' या तीन शब्दांनी निरीक्षकांचा तोल गेला. ते तयार झाले.

त्या संध्याकाळी सून मोबाइल घेऊन आणि निरीक्षक चष्मा घेऊन बसले. गादीचा फोटो होता. निरीक्षकांनी नकळत फोटोवर अंगठा दाबला, तर गादीच नाहीशी होऊन भलतंच काहीतरी उघडलं.

"बाबा, दाबू नका."

"दाबू नका तर मग गादी बघायची कशी?"

"लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं. हे तारे बघा. हजारो लोकांनी चांगली म्हटलीय."

निरीक्षकांनी एकेकाची उलटतपासणी सुरू केली. एकाने लिहिलं होतं, 'छान गादी, पार्सल वेळेवर.' निरीक्षक म्हणाले, "हा झोपून बघितल्याचं कुठे म्हणतोय?" दुसऱ्याने लिहिलं होतं, 'भावाला भेट दिली, भाऊ खूश.' "भाऊ स्वतः का लिहीत नाही?" तिसऱ्याने नुसताच अंगठा दाखवला होता. त्याच्याकडे निरीक्षकांनी नुसतंच चष्म्यावरून पाहिलं. शेवटी एका बाईने एकच तारा देऊन 'गादीला वास येतो' असं लिहिलेलं सापडलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा फुलला. "ही बाई खरी. हिने गादी हुंगलीय. हिचा पत्ता मिळेल का?"

पत्ता मिळत नव्हता. पण कंपनीचा फोन नंबर होता आणि निरीक्षकांनी तो लावला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकवल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला.

"बोला सर, आपली काय मदत करू?"

"शेवटचं किती?"

"काय सर?"

"गादीचं. शेवटचं बोला."

"सर, जी किंमत दाखवलीय तीच."

"ती झाली सांगायची किंमत. घ्यायची किती?"

"तीच सर."

तेव्हा निरीक्षकांनी सगळ्या बाजारपेठांवर आजवर चाललेलं हत्यार बाहेर काढलं. ते म्हणाले, "ठीक आहे. मग आम्ही निघतो." आणि फोन कानाला तसाच धरून वाट बघत राहिले. निघालेल्या गिऱ्हाइकाला चार पावलांवरून हाक मारायची असते, हे कुठल्याही दुकानदाराला शिकवावं लागत नाही. पलीकडून आवाज आला, "धन्यवाद सर, आपला दिवस चांगला जावो," आणि फोन बंद झाला. निघालेल्या गिऱ्हाइकाला आनंदाने निरोप देणारं दुकान निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. त्या रात्री ते जेवले कमी.

अखेर एका अटीवर गादी मागवली गेली : माल दारात बघायचा, मापायचा आणि मगच पैसे द्यायचे. आणि पत्त्याखाली निरीक्षकांनी सुनेकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं, 'मागच्या फाटकाने यावे. कोणाला विचारू नये.'

गादी आली ती नेमकी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर. पार्सलवाला चांगला पन्नाशीचा, भरघोस मिशीचा आणि घाईतला होता. तो पुढच्या फाटकाने आला, आणि विचारायला त्याला सबंध गल्लीत एकच माणूस दिसला. "निरीक्षक कुठे राहतात हो? त्यांची गादी आलीय." गादीवाल्याने सुई उशीत खुपसली, बोट वर केलं आणि म्हणाला, "दुसरा मजला."

हे निरीक्षकांना तेव्हा ठाऊक नव्हतं. बेल वाजली तेव्हा ते बनियन आणि लुंगीवर होते, आणि पलंगाच्या मापाचा कागद बनियनमध्ये खोचलेला होता. काकूंनी शर्ट घालायला सांगितलं. पण निरीक्षक म्हणाले, "सौद्याला उशीर करू नये," आणि टेप आणि कात्री घेऊन बाहेर पडले. बाहेर पडताना त्यांनी आपला लोखंडी जाळीचा दरवाजा मागे लोटून बंद केला. घराचं दार उघडं ठेवून सौदा करणारा माणूस अर्धा सौदा तिथेच हरतो, असं त्यांचं मत होतं. पुढे त्या मताची त्यांना बरीच किंमत द्यावी लागली.

पॅसेजमध्ये लाकडाच्या ओंडक्याएवढी एक गुंडाळी उभी होती.

"गादी कुठाय?" निरीक्षकांनी विचारलं.

"ही काय."

"ही? डबल बेडची? यात माझा पाय मावणार नाही."

"हवा काढलेली असते साहेब. उघडली की फुगते. आत नेऊन उघडा. बाहेर नका उघडू."

"आत गेली की माल माझा. उंबऱ्याबाहेर आहे तोवर तुमचा. इथेच उघडायची."

"साहेब, मी रोज टाकतो या गाद्या. ऐका माझं."

'मी रोज टाकतो, ऐका माझं' हे वाक्य निरीक्षकांनी नोकरीत शेकडो किराणा दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्या प्रत्येकाच्या तराजूखाली काही ना काही चिकटवलेलं निघालं होतं. त्यांनी गुंडाळी आडवी केली आणि कात्री चालवली.

आधी नुसता 'फुस्स' आवाज झाला, एखाद्या जाड माणसाने खुर्चीत बसताना सोडलेल्या सुस्काऱ्यासारखा. मग गुंडाळीने एक पलटी मारली. दुसरी पलटी मारली तेव्हा पार्सलवाला अनुभवी माणसासारखा चटकन दोन पायऱ्या खाली उतरला आणि निरीक्षक अननुभवी माणसासारखे दोन पायऱ्या वर चढले. मग गादी उलगडली, आणि तिने श्वास घ्यायला सुरुवात केली. कडा वर आल्या, कोपरे टरारले, मध्यभाग पोळलेल्या गालासारखा सुजत गेला. पॅसेज म्हणजे समोरासमोरच्या दोन दारांमधली चिंचोळी जागा. गादीने एका बाजूला निरीक्षकांचा दरवाजा गाठला, दुसऱ्या बाजूला समोरच्या दंतवैद्यांचा, आणि दोन्हींच्या जाळ्यांना छाती लावून ती थांबली.

आणि जाळीचे दोन्ही दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडणारे होते.

"अगं, दार उघड," निरीक्षक वरच्या पायरीवरून म्हणाले.

काकूंनी आतून ढकललं. दरवाजा बोटभर सरकला आणि गादीने त्याला परत लोटलं. "उघडत नाहीये हो."

समोरची जाळीही खडखडली. दंतवैद्य हातात बॅग घेऊन दवाखान्यात निघाले होते. "हे काय आहे? माझ्याकडे एक पेशंट तोंड उघडून बसलाय!"

"माल तपासतोय," निरीक्षक म्हणाले. जिन्यावर, बनियनवर, उघड्या पायांनी उभं राहून माणसाला जेवढ्या भारदस्त आवाजात बोलता येतं, तेवढ्या भारदस्त आवाजात म्हणाले. "गडबड करू नका."

आणि त्यांनी खरोखरच टेप काढली. वरच्या पायरीवरून ओणवे होऊन, एक हात कठड्याला धरून त्यांनी गादी मापली. मग पुन्हा मापली. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते समाधान पसरलं, जे खोटं वजन पकडल्यावर पूर्वी पसरायचं. "अर्धा इंच कमी!"

"अजून फुगायचीय ती," खालून पार्सलवाला ओरडला. "पूर्ण फुगायला एक दिवस लागतो. कागदावर लिहिलंय!"

"माल दिला तेव्हा पूर्ण पाहिजे. उद्या दूधवाला म्हणेल, दूध संध्याकाळपर्यंत वाढेल. चालेल?"

"मग घेणार नाही म्हणता?"

"नाही."

"ठीक आहे. जशी दिली तशी गुंडाळून द्या, घेऊन जातो."

यावर निरीक्षकांनी गादीकडे पाहिलं. गादी आणखी बोटभर उंच झाली होती. त्यांनी वरची कडा धरून ओढली. त्याच क्षणी मदत करावी म्हणून पार्सलवाल्याने खालची कडा धरून ओढली. दोघंही जीव तोडून ओढत होते आणि गादी दोघांच्या मध्ये निवांत पडून होती. जरा वेळाने दोघांच्या लक्षात आलं, पण कमीपणा नको म्हणून आधी कुणी सोडेना.

तेवढ्यात काकूंचा हात जाळीतून बाहेर आला. हातात पैसे होते. "घ्या हो दादा. तुम्ही जा, तुमची बाकीची पार्सलं राहिली असतील. पाणी हवंय का?"

"अगं, पैसे देतेस काय! सौदा मोडलाय!" निरीक्षक ओरडले, पण पार्सलवाला गादीवर आडवा झोपून हात लांब करून पैसे घेऊन, पाणी पिऊन, जिना उतरूनसुद्धा गेला होता. जाताना म्हणाला, "काकू, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिजे."

निरीक्षकांनी काकूंना जाळीतून सुनेला फोन लावायला सांगितला आणि सगळी हकीकत दुरूनच ओरडून कळवली. सुनेला हसू आवरलं नसावं, कारण मध्ये काही वेळ नुसता खोकल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "काही काळजी करू नका बाबा. मी लगेच रिटर्न टाकते. संध्याकाळी माणूस येऊन घेऊन जाईल. नाही गुंडाळली तरी चालेल, मी बोलते त्यांच्याशी."

रिटर्न. हा शब्द जिन्यात घुमला. निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी परत केलं होतं, तेही बनियनवर, तेही शेजाऱ्यांच्या देखत.

शेजारी आता जमलेच होते. आरडाओरडा ऐकून खालून सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि 'सामायिक जागेत सामान ठेवू नये' हा नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. वरून निवृत्त मुख्याध्यापिका पिशवी घेऊन उतरत होत्या, त्या निरीक्षकांच्या मागे थांबल्या आणि म्हणाल्या, "उघड्या अंगाने जिन्यात उभं राहण्याचं हे वय नव्हे." सगळ्यांच्या मागे गादीवाला उभा होता. त्याला पाहताच निरीक्षकांना वाटलं, गादी आणखी फुगावी आणि आपण तिच्याखाली जावं.

गादीवाल्याने बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "सगळे एका बाजूने धरा." सेक्रेटरींनी नियम बाजूला ठेवून एक कोपरा धरला, मुख्याध्यापिकांनी पिशवी खाली ठेवून दुसरा. गादी कमानीसारखी वाकली, दंतवैद्य सुटले, काकू सुटल्या, आणि जिना उतरताना जो मधला रुंद टप्पा लागतो तिथे गादी जाऊन पडली. तिथे ती मापून बनवल्यासारखी बसली. अगदी भिंतीपासून कठड्यापर्यंत.

"आता घरात घ्या," काकू म्हणाल्या.

"परत जायची वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही," निरीक्षक म्हणाले. शर्ट घातल्यामुळे त्यांना पुन्हा तत्त्व सुचू लागलं होतं. "माणूस येईपर्यंत इथेच राहील."

मग जे घडलं ते कुठल्याही दुकानात घडत नाही. सेक्रेटरींनी जाताजाता गादीच्या कडेवर हात दाबला. "मऊ आहे हो." मग बसून बघितलं. त्यांना बसलेलं पाहून मुख्याध्यापिका बसल्या. त्यांनी दोनदा अंग वरखाली करून शेरा मारला, "उसळी आहे, पण शिस्त नाही." दंतवैद्यांनी पेशंटला फोन करून तोंड मिटायला सांगितलं आणि तेही टेकले. दातांचा डॉक्टर असला तरी डॉक्टरच, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मणक्याविषयी बरंच सांगितलं. त्यातलं निम्मं दाढेविषयी होतं.

निरीक्षक सुखावले. ज्या गोष्टीसाठी त्यांचा जीव तळमळत होता, तीच चालली होती : चारचौघांनी मिळून वस्तू दाबणं, ठोकणं, नावं ठेवणं. त्यांनी स्वतः ती हुंगली. त्या एक तारावाल्या बाईचं खरं होतं, वास येत होता. त्यांनी गादीवाल्यालाही आग्रहाने बसवलं. गादीवाल्याने अंगठा खुपसला. खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला.

"कापूस नाही यात," तो म्हणाला.

"नाही ना?" निरीक्षक उत्साहाने म्हणाले.

"पोकळ आहे सगळं."

"तेच म्हणतो मी! म्हणून तर परत पाठवतोय." हे बोलताना त्यांनी गादीवाल्याकडे अशा नजरेने पाहिलं, की झालं गेलं विसरून जा. गादीवाल्याने मान हलवली. वातावरण निवळलं. सेक्रेटरी म्हणाले, त्यांच्या साडूने असलीच गादी घेतली आणि त्याला घामाने झोप येईना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, लाकडी फळीसारखं दुसरं काही नाही. दंतवैद्य म्हणाले, ऑनलाइन काही घेऊ नये, त्यांनी ऑनलाइन घेतलेलं घड्याळ उलटं चालायचं. एकंदरीत गादी वाईट ठरली. सर्वानुमते ठरली.

काकू वरच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना कप दिले. रिकामा ट्रे भिंतीला टेकवून ठेवला, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सरका जरा."

"काय झालं?" निरीक्षकांनी विचारलं.

"मला बघू दे."

सगळे उठले. काकूंनी चपला काढल्या, पदर खोचला, आधी बसल्या, मग एका हातावर भार देऊन बेताने आडव्या झाल्या. एवढ्या माणसांसमोर जिन्यात आडवं व्हायचं म्हणजे थोडं विचित्रच. म्हणून त्या जराशा हसल्या. मग कुशीवर वळल्या. वळताना नेहमी येणारी कळ आलीच नाही, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसलं. आठी येण्यासाठी जमली होती, ती तशीच विरून गेली.

"कशी आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

काकूंनी उत्तर दिलं नाही.

"अगं, कशी आहे? कडेला उतार वाटतो का?"

"साहेब," गादीवाला हळूच म्हणाला, "झोपल्या त्या."

खरंच झोपल्या होत्या. कपातला चहा गार व्हायच्या आत. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली, दुसरा गादीच्या कडेवरून खाली लोंबता. दंतवैद्य व्यवसायाच्या सवयीने जरा वाकले, पण मुख्याध्यापिकांनी त्यांना डोळ्यांनीच मागे ओढलं. सेक्रेटरींच्या हातातली बशी वाजली, तर निरीक्षकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बशी पोटाशी धरून पावलं न वाजवता खाली गेले. एकेक करून सगळे पांगले.

निरीक्षक वरच्या पायरीवर बसून राहिले. गादीवाला शेजारी टेकला. काकूंचा श्वास एका लयीत चालला होता. निरीक्षकांच्या लक्षात आलं, की असा श्वास त्यांनी कित्येक दिवसांत ऐकलेला नाही.

"काकूंना तुम्ही कधी दुकानात आणलंच नाहीत, साहेब," गादीवाला म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "कापूस तुम्ही तोलायचात. दाबूनही तुम्हीच बघायचात."

निरीक्षकांनी टेप खिशातून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवली. "तुला वाईट वाटलं असेल."

"वाटलं ना. सकाळी तो मिशीवाला विचारत आला तेव्हा सुई बोटात गेली असती." गादीवाल्याने काकूंकडे पाहिलं. "आता नाही वाटत. याला खोळ लागेल. नुसती ठेवाल तर मळेल. मी शिवतो. पण तराजूपाशी उभं राहायचं नाही, कापड गजावर मोजतात."

"गजावर उभा राहीन," निरीक्षक म्हणाले, आणि दोघंही तोंडावर हात ठेवून हसले.

उन्हं कलली. कामावरून परतणारी माणसं जिना चढू लागली. प्रत्येकजण टप्प्याच्या खालच्या पायरीवर थबके, वर बसलेल्या निरीक्षकांच्या ओठांवरचं बोट पाही, चपला हातात घेई आणि भिंतीला चिकटून, गादीच्या कडेवरून हलक्या पावलांनी जाई. सून आली. तिने सासूबाईंना पाहिलं, सासऱ्यांना पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, सँडल काढल्या आणि वर येऊन निरीक्षकांच्या पायरीवर बसली. "बाबा," ती कानाशी म्हणाली, "रिटर्नचा माणूस खाली आलाय."

तो वर आला. दमलेला, हातात मोबाइल, खांद्यावर दोरखंड. "कुठाय माल?"

"शू..." निरीक्षक आणि सून एकदम म्हणाले.

त्या माणसाने खाली पाहिलं आणि आवाज आपोआप उतरवला. "या कोण?"

"मालक," निरीक्षक कुजबुजले.

"मग मी काय नेऊ?"

"काही नाही. गादी परत करायची नाही."

"रद्द करायची तर कारण टाकावं लागतं साहेब. नाहीतर आमचा साहेब मला विचारतो." त्याने मोबाइल पुढे केला. "विचार बदलला, असं टाकू?"

निरीक्षकांना ते पटेना. विचार बदलला म्हणजे आधी पारख चुकली होती, असं लेखी देण्यासारखंच. त्यांनी चष्मा लावून पडद्यावरची सगळी कारणं वाचली. एकही बरोबर नव्हतं. शेवटी 'इतर' असं लिहिलेली एक रिकामी चौकट सापडली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग खाली, गादीवर पाहिलं. काकूंनी झोपेत कूस बदलली होती, आणि लोंबता हात आपसूक वर घेतला होता.

"लिहा," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "ग्राहक झोपलेले आहेत."

त्या माणसाने ते एकेक अक्षर शोधत लिहिलं, मोबाइल खिशात घातला, आणि मग आपणहून खाली वाकून बूट काढले.